ट्रॉलीची ओळ

…आणि वर मलाच म्हणतात, "निकिताच्या आई, अभिनंदन!" अहो, कसलं अभिनंदन? पोरगी सातवीत, चाचणीत गणिताचे मार्क सांगण्यासारखे नाहीत, आणि हे परवेझ सर तिला गाणी रचायला शिकवतात! म्हणायला नव्हे हं, रचायला! तुम्हाला सांगते, आमच्या वेळी शाळेत गाणं म्हणजे स्वागतगीत, तेही कुणी पाहुणे येणार असले तरच. सातवीच शिकलेय मी, पण शाळेत काय शिकवावं एवढं कळतं मला.

आधी म्हणे गाण्यांचा इतिहास! बायका जात्यावर गायच्या, मग तमाशाचा तंबू, मग तबकडी, रेडिओ, कॅसेट, लग्नातला डीजे, आता मोबाईल… निकितानं घरी येऊन सगळं सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी ताटावर बसल्याबसल्या तीन ओव्या म्हटल्या. मी म्हटलं म्हणू द्या, तेवढा वेळ माझ्या भाजीला नावं ठेवत नाहीत. इथवर माझं काही म्हणणं नव्हतं.

पण मग सर म्हणाले, "मुलींनो, ध्रुपद म्हणजे गाण्याचं घर. कडवी हिंडून येतात आणि परत घरी येतात. तुमच्या घरात सारखं काय कानावर पडतं ते ऐका, ध्रुपद सापडेल." झालं! त्या अश्विनीनं बापाचं 'माझा चार्जर कुणी घेतला' आणलं, वर्ग हसून लोळला. आणि आमच्या निकिताबाईंनी काय आणलं असेल?

सांभाळून जा, बाई, सांभाळून जा,
ओढणी चाकात जाते, गाठ मार,
सुटलेल्या कुत्र्याला हाड म्हण,
उसाच्या ट्रॉलीमागं जाऊ नको,
सांभाळून जा, बाई, सांभाळून जा…

म्हणजे मी! अख्खी मी, सरांच्या बाजाच्या पेटीवर! रोज सकाळी फाटकात उभी राहून बोलते ते सगळं हिनं वहीत उतरवलं. आता आई म्हटल्यावर बोलणार नाही का? संगमनेरच्या अलीकडं आमचं गाव, पोरगी सायकलवर, कारखाना सुरू झाला की रस्त्यावर ट्रॉल्याच ट्रॉल्या, ऊस कसा भरलेला असतो बघितलाय ना तुम्ही? डोंगर हलत चाललाय असं वाटतं.

माझी धाकटी बहीण, पूजा. एकोणीस वर्षांची. स्कूटीवर होती, ट्रॉलीच्या मागं. नऊ वर्षं झाली. ट्रॉली कलंडली… असू द्या.

तेव्हापासून माझ्या आईनं तिचं नाव घेतलं नाही. फोटोही ट्रंकेत ठेवून दिला. आणि स्नेहसंमेलनाला, नातीचं गाणं आहे म्हणून, आई राहात्याहून येणार! तिच्यापुढं ही ओळ म्हणायची? सातवीच शिकलेय मी, पण कुठं काय बोलू नये एवढं कळतं मला.

गेले शाळेत. म्हटलं, "सर, तेवढी ट्रॉलीची ओळ काढा." कारण सांगितलं. सरांनी पेटी मिटली. मग हळूच म्हणाले, "ताई, जात्यावर बायका मेलेल्या माणसांनाही हाका मारायच्या. दुसरीकडं कुठं मारता येत नव्हत्या म्हणून. पण तुमच्या मनाला नको असेल तर नको. फक्त तिथं दुसरी ओळ तुम्हीच लिहून द्या. ताल मोकळा राहायला नको." मला! गृहपाठ!

दोन दिवस, तुम्हाला सांगते, पोळी लाटताना ओळ, धुणं धुताना ओळ. 'फुलं बघत बघत जा' असं लिहिलं, छान वाटलं, तर हात आपोआप पुढं लिहितो, 'विहिरीजवळची तोडू नको'. 'पाखरांसंगं गात जा' लिहिलं, पुढं काय? 'वर बघत चालू नको'! निकिता म्हणते, "मम्मी, तुला साधं गाणं येतच नाही का गं?" नाही येत. शेवटी म्हटलं, ओळबीळ नको, तू त्या जागी गप्प राहा, पेटी वाजू दे.

आणि पोरीनं ऐकलं हो! संमेलनात आई माझ्या शेजारी पहिल्या रांगेत, डोक्यावर पदर, निकिता माईकसमोर. ओढणी झाली, कुत्रं झालं, लोक हसले, आणि ती जागा आली तशी निकिता ओठ मिटून उभी राहिली. पण सरांनी गाणं सगळ्या वर्गाकडून बसवून घेतलेलं, आणि त्या बाकीच्या चाळीस पोरींना ओळ गाळायची हे सांगायचं राहिलेलं! चाळीस पोरी, एका सुरात, टाळ्या वाजवत, 'उसाच्या ट्रॉलीमागं जाऊ नको…'

मी डोळे मिटून घेतले. म्हटलं आता आई उठणार, काय होणार… सातवीच शिकलेय मी, पण माझी आई मला कळते असं वाटायचं मला.

आई उठली नाही. माझं मनगट धरलं, बांगडी रुतेपर्यंत. आणि समोर बघतच म्हणाली, "त्या दिशी मी पूजाला एवडंच सांगितलं न्हाई गं. रोज सांगायची. त्या दिशी पाव्हनं आल्तं, चुलीम्होरनं उटले न्हाई."

नऊ वर्षांनी नाव घेतलं. टाळ्या चालू होत्या, म्हणून बरं, आम्ही दोघी रडतोय हे गाण्याला रडतोय असं वाटलं लोकांना. तेव्हाच सर ते अभिनंदन घेऊन आले. मी नाक पुसलं आणि बरं म्हटलं.

आता काय, रोज शाळा सुटायच्या वेळेला राहात्याहून फोन. माझी चौकशी नाही, जावयाची नाही, "निकिताला दे." मी स्पीकर लावते. निकिता म्हणते, आणि त्या ओळीवर आईही म्हणते, सुरात नाही, तालात नाही, पण म्हणते. "परत म्हन," म्हणते. तीन-तीनदा. परवा मला राहवलं नाही, मध्येच म्हटलं, "आई, बीपीची गोळी घेतलीस का गं? अंगणात शेवाळ झालंय, जपून चाल…"

तर मलाच म्हणते, "तू गप बस, सविता. गानं चाललंय."