शोकठरावाला एक दुरुस्ती

अध्यक्ष तात्या, वैशालीताई, जगताप सर, आणि उन्हातान्हातून इथं जमलेल्या माझ्या सगळ्या बंधू-भगिनींनो,

मला भाषणाची सवय नाही. पंपाच्या जळालेल्या मोटारी भरणं, म्हणजे त्यांच्यात नवी तार गुंडाळणं, हा माझा धंदा. दुकानात तोंड बंद आणि हात चालू असतो, आज ते उलट करायचंय. त्यात माणूस गेलाय तो असा, की ज्याच्यासमोर बोलताना मला कधी अडखळायला झालं नाही, आणि आज त्याच्याच फोटोसमोर शब्द फुटंना. तरी बोलतो. बोलणं भाग आहे.

अॅडव्होकेट विश्वंभरराव देवळालकर. आपल्या सगळ्यांचे वकीलसाहेब. कळंबच्या कोर्टात उभं आयुष्य गेलं, आणि मधली सहा वर्षं दिल्लीत, संसदेच्या वरच्या सभागृहात. सहा वर्षं, एक टर्म. मघाशी एका वक्त्यांनी दोन टर्म सांगितल्या. एकच होती.

आता तुमच्यातले काही जण मनात म्हणतील, हा दिगंबर शोकसभेतही चुका काढतो. काढतो. आमच्या धंद्यात मोटार उघडली की जुन्या तारेचे टर्न, म्हणजे वेढे, मोजायचे आणि तितकेच नवीन भरायचे. कमी भरले की मोटार तापते. माणसाचं मोठेपणही मोजूनच भरावं, असं मला वाटतं.

मुद्द्यावर येतो. थोड्या वेळानं आपण शोकठराव मंजूर करणार आहोत. जगताप सरांनी तो लिहिलाय, सकाळी मला वाचायला दिला. अक्षर मोत्यासारखं, भाषा सुंदर. पण त्यात एक वाक्य आहे. वाक्य असं, की "स्वयंशिक्षित कारागिरांना मान्यता देणारा कायदा त्यांनी संसदेत मंजूर करून घेतला."

मंडळी, असा कायदा मंजूर झालेला नाही.

मी सरांना म्हणालो, "सर, हे खरं न्हाय."

सर म्हणाले, "दिगंबर, गेलेल्या माणसाचं चांगलंच सांगायचं असतं."

म्हटलं, "व्हय सर, म्या चांगलंच सांगतोय. तुमचं वाक्य त्यांना लहान करतंय."

सर म्हणाले, "मग सभेत सांग." म्हणून उभा राहिलो. हा ठराव वकीलसाहेबांच्या लेकीच्या, वैशालीताईंच्या घरी लागणार, वाचनालयात लागणार, उद्या शाळेतली पोरं वाचणार. तो खोटा लागू नये, एवढंच माझं मागणं आहे. खरं काय झालं ते ऐका, आणि मग तुम्हीच ठरवा.

वकीलसाहेबांची एक पद्धत होती. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ती बघितलीय, पण बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगतो. संसदेत कुठल्याही विधेयकाची तीन वाचनं होतात. पहिलं, दुसरं, तिसरं, की झालं पास. वकीलसाहेब म्हणायचे, "चौथं वाचन राहतं. ज्याच्यावर कायदा लागणार, त्याला वाचून दाखवायचं." अधिवेशन संपलं की येरमाळ्यात बाजाराच्या दिवशी यायचे, आणि माझ्या दुकानासमोर बसायचे. माझंच दुकान का? तर म्हणायचे, इथं विजेचा पंखा फुकट मिळतो.

तिथं बसून ते काय वाचायचे? ज्याला ज्याला मत दिलं ते सगळं. कलमवार. आणि ज्याला विरोध केला तेही. लोक शिव्या द्यायचे, त्या ऐकायचे. तुरीची रास घरात येण्याच्या टायमाला बाहेरून तूर आणू नका, म्हणून ते सभागृहात भांडले. तेव्हा बाजारात त्यांना चहा पाजायला चढाओढ लागली. देशपातळीवरच्या परीक्षा मराठीतही घ्या, म्हणून बोलले. तेव्हा कॉलेजची पोरं दुकानासमोर येऊन उभी राहिली. पण फाशीची शिक्षा नको, असं बोलून आले, तेव्हा काय झालं? एक म्हातारे आबा काठी आपटत म्हणाले, "वकीलसाहेब, तुमच्या घरात घडलं असतं तर?"

वकीलसाहेब म्हणाले, "आबा, माझ्या घरात घडलं असतं तर मीबी फाशीच मागितली असती. म्हणूनच कायदा माझ्या हातात नको."

आबांना पटलं नाही. आजही पटलेलं नसणार. पण आबा पुढच्या वाचनाला आले. पुन्हा भांडायला आले. दिल्लीहून आलेल्या माणसाशी भांडायला मिळतं, हे किती गावांच्या नशिबात असतं?

आता त्या कायद्याकडं येतो.

शेतीपंपाच्या मोटारी कमी वीज खाव्यात, म्हणून एक कायदा आला. हेतू चांगला. देशाची वीज वाचायला पाहिजे, याला कोण नाही म्हणेल? वकीलसाहेबांनी बाजूनं मत दिलं. चौथ्या वाचनाला आले. बसले, चष्मा लावला, वाचायला लागले. पंचवीस-तीस माणसं होती. मी आत एक पाच एचपीची मोटार भरत होतो, कान बाहेर होता. एका कलमाशी माझा हात थांबला. मोटारीची दुरुस्ती फक्त "अर्हताप्राप्त व्यक्ती"नं करावी. आणि अर्हता म्हणजे काय? तर सरकारमान्य संस्थेचं प्रमाणपत्र.

मी हातातलं तसंच ठेवून बाहेर आलो. म्हटलं, "साहेब, ते परत वाचा."

त्यांनी परत वाचलं.

म्हटलं, "म्हणजे मी बेकायदा?"

मंडळी, मी नववी नापास. माझ्याकडं कुठलाही कागद नाही. पहिली मोटार मी उघडली ती स्वतःच्या घरची, आणि ती बिघडवली. दुसरी उघडली ती मामाची, आणि ती चालली. तिथून आजपर्यंत जे शिकलो ते मोटारींनीच शिकवलं. या पंचक्रोशीत माझ्या हातची मोटार हंगामात बंद पडली, असं सांगणारा असेल तर त्यानं आता हात वर करावा. नाही ना? बरं.

तर म्हटलं, "मी बेकायदा?" मला लई राग आला. चारचौघांत बोललो, "तुमच्या भिंतीवर वकिलीची सनद टांगलीय साहेब, तुम्हाला काय कळणार! इथं वाचू नका आता. दुसरं दुकान बघा." असं बोललो मी. वडिलांच्या वयाच्या माणसाला. ते उठले, कागद गोळा केले, आणि गेले. चहा अर्धा राहिला.

पुढच्या बाजाराला काय करावं? पुन्हा माझ्याच दुकानासमोर येऊन बसले. मी बघून न बघितल्यासारखं केलं. त्यांनीच हाक मारली. "दिगंबरराव." ते चिडवायला मला राव लावायचे. "दिगंबरराव, ते कलम मी मत द्यायच्या आधी तीनदा वाचलं होतं. तीनदा! पण वाचताना तुमचं दुकान डोळ्यासमोर आलं नाही. ही माझी चूक. आता राग आवरा आणि लिहा."

"काय लिहू?"

"काय असायला पाहिजे होतं ते."

"साहेब, मला कायद्याचं काय लिहायला येतंय?"

"मला तरी मोटार कुठं भरता येते? तुम्ही तुमचं लिहा, मी कायद्यात बसवतो."

आठ दिवस लागले मला. वहीची किती पानं फाडली असतील! शेवटी एक वाक्य जमलं. "किंवा ज्याने हे काम दहा वर्षे प्रत्यक्ष केले आहे व ज्याने कामाची प्रत्यक्ष परीक्षा दिली आहे अशी व्यक्ती." वकीलसाहेबांनी वाचलं. म्हणाले, "परीक्षा तुम्ही स्वतःहून घातली?"

म्हटलं, "घातली. नुसती दहा वर्षं कुणीबी म्हणंल. मोटार पुढं ठेवा, भरून दाखवतो. ज्याला येत न्हाय त्याला मान्यता कशाला?"

ते लई हसले. म्हणाले, "सभागृहात बसायला तुम्ही पाहिजे होता. तिथं असा स्वतःच्या विरोधात कलम घालणारा मिळत नाही."

मंत्र्यांशिवाय इतर सभासदांनी आणलेल्या विधेयकांना एक दिवस असतो, शुक्रवारची दुपार. त्या दिवशी निम्मी बाकं रिकामी असतात, असं तेच सांगायचे. अशा एका शुक्रवारी त्यांनी माझं वाक्य घेऊन विधेयक मांडलं. आणि पहिल्यांदा काय बोलले? तर, "मूळ कायद्याला मी मत दिलं होतं. ते माझं मत चुकलं. ज्यांनी मला ते दाखवून दिलं, ते मोटार दुरुस्त करणारे गृहस्थ आहेत, आणि या कायद्यानं ते बेकायदा ठरतात." छापील वृत्तांतात आहे. त्याची झेरॉक्स आत्ता माझ्या खिशात आहे. कुणाला बघायची असेल तर सभेनंतर बघावी, फक्त हात स्वच्छ असावेत.

मग मंत्री उठले. म्हणाले, सूचना चांगली आहे, सरकार विचार करेल, सभासदांनी विधेयक मागं घ्यावं. तिथली रीत अशीच. मंत्र्यांनी आश्वासन द्यायचं, सभासदानं आभार मानायचे आणि मागं घ्यायचं. वकीलसाहेबांनी त्याआधी दोन विधेयकं तशीच मागं घेतली होती. या वेळी सभापतींनी विचारलं, मागं घेता का? साहेब म्हणाले, "नाही. मतास टाकावं."

टाकलं. होय म्हणणारे थोडे, नाही म्हणणारे जास्त. विधेयक पडलं.

पडलं, मंडळी. मंजूर झालं नाही. पुढं पक्षानं त्यांना पुन्हा पाठवलं नाही. ते याच्यामुळंच असं मी म्हणणार नाही, कारण मला ते माहीत नाही. माहीत नसलेलं मी बोलत नाही.

दिल्लीहून आले ते सरळ दुकानात. म्हणाले, "दिगंबरराव, आपण हरलो." मी म्हणालो, "साहेब, मी नववीत नापास झालो तेव्हा माझा पेपर कुणी वाचला का, तेसुद्धा मला माहीत नाही. इथं माझं वाक्य देशाच्या सभागृहानं ऐकलं आणि मग नाही म्हटलं. नाही म्हणायला आधी ऐकावं लागतं."

खरं सांगतो, मी त्या दिवशी गावाला पेढे वाटले. लोक म्हणाले, पडलं ना रे? म्हटलं, पडलं, पण संसदेत पडलं!

आणि माझं पुढं काय झालं? वकीलसाहेबांनी बजावलं, "कायदा बदलायला भांडायचं, पण बदलेपर्यंत पाळायचा." म्हणून मी मुलाच्या वयाच्या पोरांत बसून त्या प्रमाणपत्राची परीक्षा दिली. परीक्षकांनी विचारलं, "काका, तुम्ही इथं काय करताय?" म्हटलं, "माझं विधेयक पडलं, म्हणून आलोय." पास झालो. प्रमाणपत्र दुकानात लावलंय. ते लावायला खिळा वकीलसाहेबांनी स्वतः ठोकला. वाकडाच ठोकला. मी नंतर सरळ केला.

वैशालीताई, शेवटच्या महिन्यात मी तुमच्याकडं यायचो तेव्हा ते खुर्चीत बसून हसत असायचे, हे तुम्ही बघितलंय. दुःखी माणूस नव्हते ते. काही राहिलं, असं म्हणाले नाहीत. मी एकदा विचारलं, "साहेब, सहा वर्षांत एकही विधेयक पास झालं न्हाय, वाईट वाटतं का?" म्हणाले, "पास करणारे पुष्कळ होते, दिगंबरराव. चुकलो म्हणणारं कुणी पाहिजे होतं." आणि पुढच्या मिनिटाला विचारलं, "भजी आणली का?"

असा माणूस होता. त्याच्या नावावर न झालेला कायदा कशाला लिहायचा? जे केलं ते काय कमी आहे?

म्हणून अध्यक्ष तात्या, मी शोकठरावाला रीतसर दुरुस्ती मांडतो. सरांचं ते वाक्य काढावं. त्या जागी असं घालावं. सावकाश वाचतो. "एका कायद्याला दिलेले आपले मत चुकले, असे दिसून आल्यावर त्यांनी सभागृहात उभे राहून तसे सांगितले व तो कायदा बदलण्यासाठी विधेयक आणले. ते विधेयक नामंजूर झाले."

आणि एक विनंती. ठराव आपण उभं राहून, मौन पाळून मंजूर करतो. पण दुरुस्ती आधी मतास टाका तात्या, तोंडानं. मौनात कुणाला नाही म्हणता येत नाही. जिथं नाही म्हणता येत नाही, तिथला होकार वकीलसाहेबांना चालत नव्हता.

विचारा तात्या.

होय म्हणणारे... आवाज आला. ताई, तुमचाही आला. आभारी आहे.

नाही म्हणणारे?

सर, तुमचा हात?

ऐकलं का मंडळी? सर म्हणतात, "कायदा झाला न्हाय, हे मान्य. पण शोकठरावात 'चुकले' हा शब्द मी माझ्या हातानं लिहिणार न्हाय." बरोबर आहे सर. तुमचं तुम्हाला पटलेलं नाही, आणि तुम्ही ते सगळ्यांसमोर सांगितलंत. तेवढी ओळ मी लिहीन. माझं अक्षर वाकडं आहे, पण वाचता येतं.

तात्या, नोंद घ्यावी. दुरुस्ती मंजूर. एक मत विरोधात, जगताप सरांचं. त्यांचं नाव लिहावं, खोडू नये.

वकीलसाहेब, सभेचं काम तुमच्या रीतीनं झालं. माझा तुम्हाला नमस्कार.

आता सगळे उठू या. सर, या, माझ्या शेजारी उभे राहा. दोन मिनिटं कुणीच बोलायचं नाही. मीसुद्धा.