मंगलच्या डब्यात मी काय भरलं

मी मूळचा पिशोरचा. आजा आमचा निजामाच्या राज्यात दुसऱ्याच्या शेतात राबायचा, पोलीस ॲक्शन झाली, त्याच्यानंतर काही वर्षांनी त्यानं स्वतःची थोडी जमीन केली, त्या जमिनीत बापानं ऊस लावला, ऊस लावला म्हणून कारखान्यावर ओळख झाली, अन् ओळख झाली म्हणून मी एकोणिसाव्या वर्षी एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये लागलो. काय सांगू तुम्हाला, माझं सगळं आयुष्य साखरेनं उभं केलं, अन् साखरेच्याच बाबतीत मी माझ्या बायकोला फसवलं. तुम्ही लिहून घेताय तर सगळं लिहा, मला सांभाळून लिहू नका.

लॅबमध्ये माझं काम दाण्याचं. पोत्यातून नमुना काढायचा, एकावर एक चाळण्या रचायच्या, हलवायच्या, कुठल्या चाळणीवर किती राहिली ते बघून दाणा बारीक का मोठा ते ठरवायचं. पंधरा वर्षं हेच. पुढं पुढं चाळणी लागायचीच नाय, चिमूट बोटात धरली की सांगायचो. साहेब लोक गंमत म्हणून मला डोळे मिटायला लावायचे अन् तळहातावर साखर ठेवायचे, मी कधी चुकलो नाय. माणसाला कशाचा तरी गर्व असतो, माझा तो होता.

मंगल कन्नडची. लग्नात अशी बारीक, की माझी आई म्हणली, हिला घागर उचलंल का. घरात साखरेला तोटा नव्हता, अन् मंगलला चहाचा लई नाद. दिवसाला सहा-सात कप, अन् चहा कसला, पाकच. मी कधी हात धरला नाय. उलट मीच म्हणायचो, घाल अजून, साखरवाल्याची बायको तू. पोरगी शिकायला शहर पाहिजे म्हणून आम्ही औरंगाबादला आलो, आता संभाजीनगर म्हणायचं, मला वाळूजला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये काम मिळालं, हर्सूलला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, बिनालिफ्टचा. समोरच्या दारात शमीमभाभी. नवरा वारलेला, शिलाईवर घर चालवते, वयानं मंगलच्याच एवढी. पोरगी लग्न होऊन पुण्याला गेली तशा ह्या दोघी एकमेकीच्या झाल्या. चारचा चहा आमच्यात, अन् भाभीचा एकच धोशा, मंगल भाभी, ये चाय है के शिरा?

मग मंगलचे गुडघे गेले. तीन मजले चढायला तिला पाऊण तास लागायचा, प्रत्येक वळणावर बसायची. त्यात शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याचं ऑपरेशन करू, पण आधी दहा किलो वजन उतरवा. शुगरच्या गोळ्या दिल्या अन् आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, ह्या गोळीनं कधी शुगर एकदम खाली जाते, घाम फुटला, हातपाय थरथरले की लगेच दोन चमचे साखर तोंडात टाकायची, वाट बघायची नाय. हे मी ऐकलं होतं. ऐकलं नाय असं मला कधीच म्हणता येणार नाय. घरी येऊन मीच ते शमीमभाभीलाही समजावून सांगितलं, कारण दिवसभर मी नसतो.

आधी मी सरळच गेलो. मेडिकलमधून गोड गोळ्या आणल्या, साखरेच्या बदली चहात टाकायच्या. मंगलनं एक घोट घेतला अन् तोंड असं केलं, म्हणली, अहो, शेवटाला कडू लागतंय, तुमच्या गोळ्या तुम्हीच घ्या. माझ्यासमोर टाकायची, मी गेलो की साखर. मला कळायचं, डब्याची पातळी मला कळणार नाय का? आमची भांडणं व्हायला लागली. मी म्हणायचो, तुला चालायचं नाय का? ती म्हणायची, तुम्हाला माझी लाज वाटती ते सांगा. अन् खोटं कशाला बोलू, थोडी वाटायची. लग्नकार्यात चार माणसं मिळून तिला खुर्चीवरून उठवायची, तेव्हा मी दुसरीकडं बघायचो.

तर एक दिवस त्या मेडिकलवाल्यानं दुसरा माल दाखवला. दाणेदार, पांढरा, हुबेहूब साखर. म्हणला, काका, ही साखर नाय, नुसती गोडी, अंगाला लागतच नाय, शुगरही वाढत नाय, वजन झरझर उतरतं. मी चिमूट बोटात धरली अन् तिथंच माझ्या डोक्यात ते आलं. दाणा साखरेपेक्षा थोडा बारीक होता. मी घरची साखर चाळली, बारीक दाणा वेगळा काढला, अन् त्यात हे मिसळलं, आधी पाव, मग निम्मं, मग तीन महिन्यांनी डब्यात सगळं तेच. साखर नावालाही नाय. मंगल एकदाच म्हणली, अहो, ही साखर जिभेला गार लागती हो. मी म्हणलं, थंडीचे दिवस आहेत, डबा गार पडतो. तिनं विश्वास ठेवला. साखरेतलं मला कळतं, हे तिला लग्नापासून माहीत होतं ना.

तुम्ही विचारलं होतं की त्यानं वजन उतरतं का. सांगतो. पहिल्या महिन्यात दोन किलो उतरलं. मेडिकलच्या काट्यावर मंगल उभी राहिली, आकडा बघून लहान पोरीसारखी हसली, म्हणली, चहा न सोडता बघा. मी मनात म्हणलं, माझी करामत. मग पुढच्या महिन्यात काटा तिथंच. त्याच्या पुढच्या महिन्यात एक किलो वर. मला काही उमगेना. उमगेना म्हणजे, बघायचंच नव्हतं. मंगल म्हणायची, चहा पिला तरी भागल्यासारखं वाटत नाय, काहीतरी तोंडात टाकावं वाटतं. मग चहाबरोबर खारी, टोस्ट, शेव. अन् ते आणायचं कोण? मीच. मला वाटायचं, साखर तर बंदच केली आपण, एवढी जागा झाली, खाऊ दे की. शहागंजातून नानखटाई मी स्वतः बांधून आणायचो. एका हातानं काढत होतो अन् दुसऱ्या हातानं भरत होतो.

अन् वर तिलाच बोलायचो. ती त्या काट्यावरून उतरत होती तेव्हा एकदा मी चार लोकांत म्हणलं, तू तोंडच बंद ठेवत नाय, काटा तरी काय करणार. त्याच आठवड्यात संकष्टी आली. ती म्हणली, ह्या चतुर्थीला साबुदाणा नाय, भगर नाय, नुसत्या चहावर राहते, बघूच काटा कसा हलत नाय. मी म्हणलं, बघू. एवढंच बोललो अन् कामावर गेलो. तिनं शुगरची सकाळची गोळी नेहमीसारखी घेतली. पोटात काय, तर बिनसाखरेचा चहा, अन् तो बिनसाखरेचा आहे हे तिला माहीत नाय. आधी अशा उपासाला चहातली साखर तिला सांभाळून न्यायची, ती मी काढून घेतली होती.

दुपारी दीड वाजता स्टोअरमध्ये फोन आला. शमीमभाभी. भाईसाब, जल्दी आओ, भाभी कू पसीना छूट रा, हात कांप रे, बात भी उलटी-सुलटी कर रइ. माझ्या तोंडून आधी तेच निघालं, साखर द्या, साखर. ती म्हणली, दी ना, दो चमचे दी डब्बे में की, और देऊँ क्या?

डब्यातली.

पुढ्यात माल घ्यायला आलेली चार माणसं, बाजूला सुपरवायझर, सगळे माझ्या तोंडाकडं बघताहेत. मला एकच वाक्य बोलायचं होतं, भाभी, त्या डब्यात साखर नाय. ते मी बोललो नाय. मी म्हणलं, तुमच्या घरातली आणून द्या. ती म्हणली, अरे शक्कर शक्कर में क्या फरक भाईसाब, ये तो हाथ में है. मी म्हणलं, तुमच्याच घरातली द्या, नाहीतर गूळ द्या. कायकू पण? असं तिनं विचारलं. कायकू, एवढंच विचारलं. अन् मी म्हणलं, तसंच, ऐका माझं. तिला वाटलं, माणूस घाबरून काहीही बोलतोय. फोन ठेवला, अन् त्याच डब्यातला तिसरा चमचा तिनं मंगलच्या तोंडात घातला. त्या वेळेपर्यंत मंगलला गिळता येत होतं. मी नंतर किती वेळा हिशेब मांडला, त्या मिनिटाला खरी साखर गेली असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

मी गाडीवर निघालो. छावणीच्या अलीकडं थांबून परत फोन लावला, लागला नाय. भाभी तेव्हा गल्लीतल्या दोन माणसांना घेऊन मंगलला खुर्चीसकट तीन मजले खाली उतरवत होती. मी सरळ आमच्या नेहमीच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा मंगलचे डोळे अर्धे उघडे होते, अन् ती माझ्याकडं बघत नव्हती, कशाकडंच बघत नव्हती. सलाईन लावली होती. डॉक्टरांनी विचारलं, घरी साखर दिली होती का? भाभी म्हणली, दी ना साब, तीन चमचे, मेरे हाथ से. डॉक्टर म्हणाले, मग एवढी खाली कशी राहिली? तोंडात नीट गेली नसेल, नाहीतर तुम्ही उशिरा दिली असेल. भाभी रडायला लागली. म्हणली, भाभी आवाज दी तब गॅस पे दाल थी साब, वो बंद करके आई, उतनीच देर.

अन् मी भिंतीला टेकून उभा. सगळं ऐकत होतो.

तासाभरानं मंगल शुद्धीवर आली. तिनं पहिलं विचारलं, अहो, माझी चतुर्थी मोडली का? त्या घडीला मी सांगायला पाहिजे होतं. मी काय केलं, संध्याकाळी घरी जाऊन डबा मोरीत ओतला, घासला, अन् दुकानातली साखर आणून भरली. साळी शोभा कन्नडहून धावत आली, ती भाभीच्या तोंडावर म्हणली, शेजारणीच्या भरवशावर ठेवलं तर असंच होणार, डाळ महत्त्वाची का माणूस? भाभीनं मान खाली घातली. मी तिथंच होतो. मी म्हणलं, जाऊ दे शोभा. जाऊ दे! जसं काही मीच भाभीला माफ करतोय.

मंगल घरी आली. चार वाजले की दाराकडं बघायची. भाभी यायची बंद झाली. दारातून विचारायची, तबियत कैसी है, अन् जायची. आठवडा असा गेला. मग एक दिवस मंगलनंच हाक मारून तिला बोलावलं, भाभी, आत ये ना, काय झालं तुला? ती उंबऱ्यावर उभी राहिली, म्हणली, मेरे से ही गलती हुई मंगल भाभी, अल्ला कसम मैं दौड़ के आई थी, फिर भी कैसे देर हुई मेरे कू समझता नहीं.

तेव्हा मी बोललो. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, चाळणीपासून मोरीपर्यंत.

भाभी म्हणली, भाईसाब, फोन पे मैं पूछी थी ना, कायकू. एक लफ्ज बोल देते. अन् ती आत आली, मंगलजवळ बसली, अन् माझ्याकडं पाठ केली.

मंगल रडली नाय, ओरडली नाय. तिनं विचारलं, किती महिने? मी म्हणलं, सहा. म्हणजे मी काट्यावर चढायची तेव्हा तुम्हाला माहीत होतं? म्हणलं, व्हय. अन् चार लोकांत मला बोलले, तेव्हाही? मी मान हलवली. ती म्हणली, साखर सोडायला मला जमत नव्हतं, ते खरं. पण अंग माझं होतं हो. मला अंधारात ठेवून माझ्या जिवाशी खेळले तुम्ही. बस, एवढंच. त्याच्यावर तिनं आजवर एक शब्द वाढवला नाय, अन् तेच मला झेपत नाय. शिव्या दिल्या असत्या तर बरं.

डॉक्टरांनाही मी जाऊन सांगितलं. ते लई चिडले, हात जोडून उभा राहिलो. शांत झाल्यावर म्हणाले, ती वस्तू काही वाईट नाय. साखरेच्या बदली घेतली अन् बाकीचं खाणं वाढू दिलं नाय तर कुणाला थोडा फायदा होतो. पण लोक इथं वाचवतात अन् तिथं खातात, मग काटा तिथंच, अन् गोडाची सवय तशीच राहते. नुसत्या तिच्यावर कुणी बारीक होत नाय. अन् शुगरच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला ती वस्तू न सांगता दिली, तर काय होतं ते तुम्ही बघितलंच.

आता मंगल तिचं तीच बघते. शुगरची गोळी बदलून घेतली. चहा दोनच कप, एकात अर्धा चमचा साखर, दुसऱ्यात ती तीच कडवट गोळी टाकते, स्वतःच्या हातानं, भाभीला तोंड वाकडं करून दाखवते अन् दोघी हसतात. खारी बंद. वर्ष लागलं, पण नऊ किलो उतरलं, अन् डॉक्टर म्हणाले, चालेल. मी हातात पाणी दिलं तरी ती आधी ग्लासात बघते. मुद्दाम नाय करत, सवयीनं होतं तिच्याकडून. मी कुठल्या तोंडानं काय म्हणू?

परवा ऑपरेशनचा फॉर्म भरला. मीच भरत होतो, माझं अक्षर चांगलं आहे. नर्सबाईनं विचारलं, काही लागलं तर आधी फोन कुणाला करायचा, नवऱ्याचा नंबर टाका. मी माझे दोन आकडे लिहिले असतील, मंगल म्हणली, नाय, शमीमभाभीचा लिहा. नर्सबाई माझ्याकडं बघायला लागली. मी ते दोन आकडे खोडले अन् भाभीचा नंबर लिहिला. मंगल म्हणली, वाचून दाखवा. मी एकेक आकडा मोठ्यानं वाचला, ती बोटावर मोजत ऐकत होती, मग म्हणली, बरोबर आहे. देवानं तिला तिच्या पायावर चालती करावं, तीन मजले ती न बसता चढून जावी, मी मागं पिशवी घेऊन येईन. पुढं काय, ते तिनं ठरवायचं.