सातवा डबा

नाताळ चार दिवसांवर आला होता. दुकानातल्या रांगेत मायलिसच्या पुढे पन्नाशीतले बहीणभाऊ उभे होते. ऐकायचं नाही म्हणता म्हणता मायलिसचे कान तिकडेच लागले.

“ताई, उगाच घाबरतेस तू. आईला आता पंच्याऐंशी वर्षं झाली, विसरणारच ती.”

“विसरली असती तर बरं होतं, रूने! सात डबे भरायला घेतलेत तिनं. नाताळला बिस्किटांच्या सात प्रकारांत एक जरी कमी पडला, तर तिचं नाक कापलं जातं ना! चिठ्ठ्यासुद्धा लावल्यात. जामच्या वाट्या, बदामाच्या काड्या, वेलचीची वेटोळी...”

“मग बिघडलं कुठे?”

“मी झाकणं उघडली. सगळ्यांत आल्याचीच बिस्किटं. सहाच्या सहा डब्यांत.”

“तिला सांगितलंस?”

“सांगितलं. म्हणाली, तुझ्या जिभेला कसली ती चवच नाही.”

“हे मात्र आईच बोलली, हां!”

“दात काढू नकोस. सातवा आज भरणार आहे.”

“एकटी? ओव्हन लावून? आणि तू इथे?”

“शेजारीण बसते म्हणाली होती... थांब, आईचाच फोन. हं, आई! झाला सातवा? ओव्हनमध्ये आहे? बरं. शेजारीण आहे ना? का पाठवलीस परत? आणि मागे आवाज कसला येतोय गं?”

“काय म्हणतेय? ताई, बोल ना!”

“लोणी संपलं म्हणून निघालीये. रूने, आई बसमध्ये आहे.”