दिवा तर हिरवाच आहे

— नाही मॅडम, बॉक्स नापास म्हणजे नापास, त्यात माझं काय जातंय? तुमची कंपनी, तुमचा नवा नेटवर्कचा बॉक्स, खाली ट्रक उभा, सगळं मान्य. पण शिक्का माझा आहे, आणि टेस्टरच्या स्क्रीनवर बघा, डेटाची पॅकेटं वाटेत नुसती गळतायत. चाळणी बरी. — दिवा हिरवा आहे? अहो, दिव्याचं काय, केबल खोचली की लागतो. आमच्या घरीही हिरवाच होता — चहा वेळेवर, इस्त्री वेळेवर, भांडण नाही तंटा नाही. परवापर्यंत. — फोन माझाच वाजतोय, वाजू द्या. बायको आहे. माहेरी गेलीय, सहज, भेटायला. दोन्ही मोठ्या बॅगा घेऊन. स्वेटरही नेलाय, या उकाड्यात — ते जाऊ दे. निघताना दारात म्हणाली, 'तुम्हाला एक सांगायचं होतं —' आणि पुढचं राहिलंच. मी तिला बॅगेची चेन नीट कशी लावायची ते सांगत होतो.

तर समजावतो, मध्ये बोलू नका. दोन यंत्रं जोडली की आधी एकमेकांना विचारतात — तुझा वेग किती, दोघांनी एकदम बोलायचं की पाळीपाळीने? याला म्हणायचं ऑटो. तुमचा बॉक्स ऑटोवर. माझा टेस्टर फिक्स. वेग शंभर, डुप्लेक्स फुल, म्हणजे समोरचा बोलत असला तरी आपण बोलायचं. विचारणं नाही, पुसणं नाही. मीच ठेवलाय तसा, वेळ वाचतो. वर चिठ्ठी आहे बघा, 'हात लावू नये' — अक्षर चांगलंय ना माझं? आता तुमचा बॉक्स विचारतो, उत्तर येत नाही. परत विचारतो. शेवटी बिचारा मनाशी ठरवतो, इथे पाळी पाळलेली बरी. हाफ. हा माझा टेस्टर बोलतोय तोवर तो गप्प. त्याने तोंड उघडलं की हा मध्येच सुरू — त्याचं अर्ध्यात तुटतं, तो पहिल्यापासून सांगायला जातो, हा परत सुरू — हसताय काय? — आणि वर लोक म्हणणार, खोट त्याच्यातच आहे.

थांबा.

लोक म्हणजे — लोक हो, मी कशाला. — तुम्ही सकाळपासून हेच सांगत होतात? मग मोठ्याने सांगायचं ना. सांगितलंत? कधी? — हं. तेव्हा मी बोलत असेन.

हे घ्या, केलं ऑटो. थांबलीत बघा दोघं, विचारतायत एकमेकांना. — आलं उत्तर. एकही पॅकेट गळलं नाही. रात्रपाळीवाल्याने सेटिंग बिघडवलं होतं म्हणून लिहून टाकतो — चिठ्ठी? कसली चिठ्ठी? ही? ही फाडली. अक्षर काही एवढं खास नव्हतं.

घ्या शिक्का. उचला बॉक्स, ड्रायव्हर खाली भोंगा बडवतोय. आभारबिभार राहू द्या, जाताना दार तेवढं ओढून घ्या. — हो, परत वाजतोय, ऐकू येतंय मला, निघा तुम्ही — हॅलो? हां, ऐक, मी काय म्हणतो, तू आधी —

नाही. काही नाही.

परवा दारात काय सांगत होतीस?