माठातलं पाणी

नांदुऱ्याच्या बसस्थानकात गाडीची वाट पाहत होतो. बाकावर माझ्या शेजारी दोन बहिणी बसल्या होत्या.

“वच्छला, तुह्या सोहमच्या लग्नासाठी पोरीवाले घर पाहाले आले होते ना काल? काय झालं?”

“इचारू नको, ताई. पोरीनंच नाई म्हनलं.”

“काऊन? पोरगा तर नोकरीवर आहे.”

“पाहुणे मेहकरचे. तिकडं पैनगंगेचं गोडं पानी. आपल्या पूर्णाकाठी इहिरीले खारं पानी, म्हनून कोनी पोरगी देत नाई. मी इकतचं पानी आनून माठात भरलं. त्यायले सांगतलं, आमच्या इहिरीचंच आहे.”

“मंग?”

“पोरगी बी संगं आली होती. ते हात धुवाले मांगं गेली. इहिरीची मोटर चालू होती. तिनं ओंजळभर पानी पेलं.”

“अवो माय! तोंड वाकडं केलं असन.”

“नाई ना! माह्याजवळ येऊन हळूच म्हने, ‘काकू, माहं आजोळ पूर्णाकाठचंच आहे. दर उन्हाळ्यात असंच पानी पेली मी.’”

“मंग अडचन काय होती?”

“मी बी तेच इचारलं. तर म्हने, ‘पान्याचं खरं नाई सांगतलं तुमी. बाकीचं कसं खरं मानू?’”

“अन् मंग?”

“जाताना माह्या पाया पडली ती. मले तिच्याकडं पाहताच नाई आलं.”

“सोहमले सांगतलं हे?”

“त्याले म्हनलं, पोरीले आपलं पानी नाई चाललं.”