चिमटे कुठे ठेवलेस?

दुपारच्या रांगेत शिंपी मारामारीच्या सिनेमासाठी उभा होता. पुढच्या म्हाताऱ्या बाई तिकीटखिडकीशी अडून बसल्या होत्या.

“आजी, एकट्या माणसासाठी खेळ लावत नाहीत. निदान दोघं तरी हवीत,” तिकीटवाला म्हणाला.

“काल तर लावलात!”

“काल एक जोडपं होतं. त्या सिनेमात आहे तरी काय एवढं? भांडी, धुणी, नळाचं पाणी.”

“माझंच घर आहे ते. पोरं उसना कॅमेरा घेऊन आली नि ह्यांना म्हणाली, काका, रोज करता तेच करा. हे आपले कपडे वाळत घालायला लागले.”

“मग आज काकांनाच आणायचं ना सोबत!”

“ते गेले हो, सिनेमा पुरा व्हायच्या आत. त्यात शर्ट झटकत मला विचारतात, ‘अगं, चिमटे कुठे ठेवलेस?’ माझं उत्तर पोरांनी कापलं.”

“मग?”

“मग मी इथे खुर्चीतूनच सांगते, तुमच्याच खिशात आहेत. काल त्या जोडप्यापुढे लाज वाटली, गप्प बसले. आज शेवटचा दिवस.”

“नियम आहे, आजी.”

शिंप्याने मागून हात पुढे केला. “मलाही त्याच सिनेमाचं द्या.”

“सीट कुठली?”

“अगदी मागची.” मग तो बाईंकडे वळून म्हणाला, “मला कमी ऐकू येतं, बरं का.”