तेवढा तापत न्हाई

आमचे आजे बैलांच्या पाठीवर माल वाहायचे, मी मोटारसायकलवर पत्र्याचे स्क्रू वाहतो, एवढीच आमच्या खानदानाची प्रगती. वारंगा फाट्याच्या आसपास जेवढे तांडे हायेत, तिथल्या निम्म्या घरांवर पत्रे मी बसवले, आणि काय सांगू तुमाला, दर घरी एकच गोष्ट सांगितली, पत्रा तेवढा तापत न्हाई, वरून थोडं गवत टाका, बास. सासऱ्यालाबी हेच सांगितलं. तवापासून सासरा दुपारी लिंबाखाली निजतो.

तर मागल्या साली मीच छपरावरून पडलो. काहून पडलो? खाली चार बाया पाहून राहिल्या व्हत्या, म्हणून हात सोडून चालून दाखवलं. नांदेडला डोक्याचं आपरेशन झालं. कवटीच्या हाडाचा पार चुरा झालेला, तो काढून टाकावा लागला. जीव वाचला, पण कानाच्या वर हा एवढा खळगा, कातडीखाली नुसतं धकधक. माझी बायको कमळा मला न्हाणीतबी एकट्याला जाऊ देईना. आता पडलात तर मधी हाडबी न्हाई, म्हणे.

काही महिन्यांनी डाक्टर म्हणाले, आता हे झाकू. टायटॅनियमची जाळी बसवता येते, न्हाई तर हाडासाठीचं खास सिमेंट येतं. खळगा मोठा हाये, तुमच्यासाठी जाळीच बरी. मी म्हटलं, धातू? उन्हात तापंल की. डाक्टर म्हणाले, तेवढा तापत न्हाई, वर कातडी असते, बाहेर जाताना टोपी घाला, बास.

हे तर माझंच बोलणं! वीस वर्षं मी जे सांगून लोकं फसवली, तेच मला कोणी सांगावं? मी म्हटलं, सिमेंटच टाका. आन् जाळीच टाकली तर स्क्रूखाली रबरी वायसर घालता ना, न्हाई तर गळतं. डाक्टर पोट धरून हसले. कमळा हसली न्हाई. म्हणे, ह्यांचं ऐकू नका साहेब, ह्यांना सगळे आपल्यासारखेच वाटतात.

जाळी बसवलेले एक म्हातारे तपासणीला आले व्हते, बाहेर उन्हात बसलेले. डाक्टरांनी ते दाखवले, तशी ही तडक त्यांच्याकडं. काका, डोक्यावर हात ठिवू का? ठिव माय, म्हणाले, आन् टोपी काढली. मी खिडकीतून पाहून राहिलो. हिनं हात ठिवला, मग आपल्या डोक्यावर ठिवला, पुन्हा त्यांच्या. परत येऊन म्हणे, माझ्यापेक्षा जरा कोमट हाये, पण माझ्या बापाच्या घरापेक्षा लई थंड. बसवा जाळी.

बसवली. आता मी वर चढत न्हाई, खालूनच मापं सांगतो. गिऱ्हाइकालाबी खरं सांगतो, पत्रा तापतो बाबा, खालून छत ठोकून घ्या. सासऱ्याचं छत मीच ठोकून दिलं. तो तरीबी लिंबाखालीच निजतो, तुमचा भरोसा न्हाई म्हणतो.

कमळा रोज दुपारी येते, माझी टोपी उचलून डोक्यावर हात ठिवते, तापलं का म्हणते. खरं सांगू, काहीच तापत न्हाई. पण मी म्हणतो, व्हय, जरा तापलंय. एवढं एक खोटं देवानं मला शेवटपर्यंत बोलू द्यावं.